शिवणीत गेलेलं कापड

बिबवेवाडी, पुणे
१० नोव्हेंबर १९९१

चि. हेमा हिस अनेक आशीर्वाद.

पहिल्या कागदावर सवयीने ‘चि. सौ.’ लिहून झालं. खोडलेलं पाठवायला नको म्हणून दुसरा कागद घेतला, त्यावरही तेच. हा तिसरा. सव्वीस वर्षांची हाताची सवय, तिला सांगून काही कळत नाही.

पुण्यातून पुण्यात पत्र लिहिणारी नणंद पाहून तुमच्या हडपसरचा पोस्टमन हसेल. हसू दे. समोरासमोर बोललो की आपलं काय होतं ते यज्ञेश्वरच्या तेराव्याला सगळ्या गोतावळ्याने पाहिलं आहे. माझ्यासाठी तासभर थांबली नाहीस, शेवटचं तोंडही बघू दिलं नाहीस, असं मी चारचौघांत म्हणाले. म्हणाले ते म्हणाले. ते मागे घ्यायला हे पत्र नाही.

परवा भाऊबीज झाली. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात. एकसष्ट वर्षांची बाई निरांजन घेऊन गच्चीवर गेले, तर वर ढग. सातव्या मजल्यापर्यंत नवी इमारत उठली आहे समोर, तिच्यावरचा मजूर माझ्याकडे बघत होता. खाली आले आणि निरांजन देवापुढे ठेवलं.

आता कामाचं. माझा चिंध्यांचा नाद तुला ठाऊक आहे. शाळेत पोरींना शिवण शिकवता शिकवता लागला, नोकरी सुटली तरी सुटला नाही. कपाटाचा एक खण माझ्या कपड्यांना, बाकीचे पाच चिंध्यांना. एकतीस वर्षांत नात्यातलं एक माणूस सोडलेलं नाही. प्रत्येकाच्या कापडाला टाचणीने चिठ्ठी लावलेली आहे, कुणाचं, कधी मिळालं. आईचं इरकली लुगडं आहे, अप्पांच्या उपरण्याची किनार आहे, तुझ्या श्यामचं बाळंतपणातलं झबलंही आहे. फक्त यज्ञाचं काही नाही. दर दिवाळीला मागायचे, आणि दर दिवाळीला तो म्हणायचा, “अक्का, अजून अंगावर आहे, फाटला की देतो.” शर्ट जाळीसारखा विरायचा, तरी त्याच्या मते फाटलेला नसायचा.

आता मोठी गोधडी घेतली आहे, सगळ्यांची मिळून. मधली जागा त्याच्यासाठी सोडली आहे. त्याचा एक शर्ट पाठव. कुठलाही चालेल. चांगले श्यामला ठेव, मला जुन्यातला जुना दे.

विजयमाला


हडपसर
२६ नोव्हेंबर १९९१

ती. वन्सं यांना हेमाचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. ह्यांचे कपडे ट्रंकेत भरून ट्रंक माळ्यावर टाकली आहे. मला एकटीला निघत नाही. श्याम नागपूरहून रजेवर आला की काढून घेते आणि पाठवते. तोवर धीर धरावा.

गुडघ्यांना तिळाचं तेल लावत जा.

हेमा


बिबवेवाडी
४ डिसेंबर १९९१

चि. हेमास आशीर्वाद.

तेल लावते. माळ्यावरची ट्रंक काढायला नागपूरहून माणूस यावा लागतो हे नवीनच कळलं. तुमच्या चाळीत कुणी पुरुष राहतच नाहीत का? असो. मी घाई करत नाही, फक्त विचारते.

निळ्या बारीक रेघांचा असला तर तोच दे. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला तो घालून आला होता. डावा खांदा इतका विरला होता की पाठीमागून बनियन दिसत होता. मी तो अंगातून काढायला लावला आणि तो बनियनवरच बसून करंज्या खात होता तेवढ्यात आतून ठिगळ लावून दिलं. रेघेला रेघ जुळवली, पण निळा एक छटा गडद पडला. “आता अजून पाच वर्षं चालेल,” म्हणाला. पाच महिने म्हणाला असता तरी खोटं ठरलं नसतं.

शर्ट धुऊन पाठवू नकोस, ते मी करते. आईने घालून दिलेली रीत आहे. कुणाचंही कापड आलं की त्याच दिवशी मिठाच्या पाण्यातून काढायचं, वाळलं की त्याच दिवशी फाडायचं. कातरायचं नाही, फाडायचं, म्हणजे धागा सरळ येतो. आणि दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. एक रात्र घरात अख्खं राहिलं की ते त्या माणसाचं होऊन बसतं, मग हात धजत नाही. आईचं लुगडं मी तिच्या दहाव्याला फाडलं होतं. ते तेव्हा फाडलं नसतं तर आजही घडी करून ठेवलेलं असतं आणि कसरीने खाल्लं असतं.

वाट पाहते.

विजयमाला


हडपसर
२१ डिसेंबर १९९१

ती. वन्सं यांना सा. न.

सोबत ह्यांचा एक शर्ट पाठवत आहे. शेजारचे काका मार्केट यार्डात जातात, त्यांच्या हाती दिला आहे. निळ्या रेघांचा सापडला नाही. हा पांढऱ्यावर करड्या चौकड्यांचा आहे, घरात घालायचे. कापड सुती आहे आणि मऊ आहे.

तुमची गोधडी पुरी होवो.

हेमा


बिबवेवाडी
२७ डिसेंबर १९९१

हेमा,

शर्ट पोचला. तुझ्या शेजारच्या काकांना चहा दिला.

मिठाचं पाणी काढलं, घमेलं भरलं, आणि शर्ट बुडवण्याआधी नेहमीसारखा खिडकीत उजेडाला धरला. एकतीस वर्षं मी लोकांचे जुने कपडे उजेडाला धरते आहे. कुणाचं कोपर टेबलावर घासतं, कुणाचं पोट कडप्प्याला लागतं, कोण कुठल्या कुशीवर निजतं, सगळं कापडात उतरलेलं असतं. माणूस खोटं बोलेल, कापड बोलत नाही.

यज्ञाचा उजवा खांदा लहानपणी मोडला होता. झोका मी देत होते, जोरात दिला. हाड जुळलं, पण त्या खांद्यावर त्याने पुन्हा कधी ओझं घेतलं नाही. शाळेचं दप्तर डाव्यावर, पिशवी डाव्यावर, कारखान्यात जायची डब्याची पिशवी डाव्यावर. त्याचा प्रत्येक शर्ट डाव्या खांद्यावर विरायचा. तू पाठवलेला शर्ट उजव्यावर विरला आहे. डावा खांदा कोरा आहे, काल शिवल्यासारखा.

हा माझ्या भावाचा शर्ट नाही.

मला एक चिंधी द्यायचीही तुझ्या मनात नसेल तर तसं लिहायचं होतं. तेवढं मी सोसलं असतं. कुणा परक्याचा शर्ट त्याचा म्हणून पाठवलास, तो मी गोधडीच्या मधोमध लावला असता, आणि मरेपर्यंत अंगावर घेतला असता. माझ्यावर एवढा राग? तो गेला त्या दिवशी थांबली नाहीस तेव्हा वाटलं होतं, बाई गोंधळली असेल. आता तसं वाटत नाही.

शर्ट परत पाठवत नाही. त्याचं मी पायपुसणं केलं आहे.

विजयमाला


हडपसर
१८ जानेवारी १९९२

ती. वन्सं,

तीन आठवडे लिहायला बसते आहे आणि उठते आहे. तुम्ही बरोबर ओळखलंत. तो ह्यांचा नव्हता. ह्यांचा एकही शर्ट माझ्याकडे नाही. माळ्यावर ट्रंकही नाही.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखे कपडे धुतले. हे साडेसहाला गेले, आठला मी धुणं केलं, आणि पावसामुळे गॅलरीत आतल्या दोरीवर वाळत घातलं. निळ्या रेघांचा शर्ट त्यात होता, दोन बनियन, एक पायजमा, रुमाल. दहाला कारखान्यातून माणसं आली. हे कारखान्याच्या फाटकातच कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. दुपारी ह्यांना घरी आणलं तेव्हा धुणं ओलंच होतं. माणसं त्याच्याखालून वाकून आत येत होती. कुणीतरी शर्टाची बाही बाजूला धरून ह्यांना आत घेतलं.

नंतर ते कुणी काढलं नाही. तेरा दिवस दोरीवर होतं. मी म्हटलं काढू नका, आणि कुणी विचारलं नाही का म्हणून. मी निजायची त्या खोलीतून ते दिसायचं. वारा आला की शर्टाचे हात हलायचे. पाहुणे होते तोवर ठीक होतं. तेराव्यानंतर सगळे गेले, श्यामची रजा संपली. जाताना प्रत्येक बाई सांगून गेली, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, देऊन टाक.

चौदाव्या दिवशी बायडाबाई आली. बोहारीण, वीस वर्षांची ओळख, मला ताई म्हणते. काय झालंय ते तिला ठाऊक नव्हतं. दारात पाटी उतरवून नेहमीसारखं म्हणाली, “ताई, हाय का काय जुनंपानं?” मी हो म्हटलं. दोरीवरचं काढलं, कपाटातलं काढलं, ह्यांचा स्वेटर, लग्नातला कोट, सगळं तिच्यापुढे ओतलं. ती म्हणाली, “एवढं? सायेब रागावतील.” मी कोट तिच्या पाटीत सारला. तिने झाकणाचा मोठा स्टीलचा डबा दिला आणि वर एक वाटी दिली. मी एरवी घासाघीस करते, त्या दिवशी केली नाही म्हणून तिलाच चुटपुट लागली असावी.

ती जिना उतरली आणि मी गॅलरीत गेले. दोरी रिकामी होती. वन्सं, मला वाटलं होतं की दोरी रिकामी झाली की झोप येईल. मी तशीच खाली धावले, अनवाणी, फाटकापर्यंत. ती दिसली नाही. आठ दिवसांनी आली तेव्हा म्हणाली, सगळा माल जुन्या बाजारात गेला, आता कुठला मिळतोय.

तेव्हापासून दर रविवारी मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाते. कपड्यांचे ढीग असतात, ते उपसते. सगळे शर्ट एकमेकांत गुंतलेले असतात, बाह्यांच्या गाठी सोडवाव्या लागतात. ह्यांचं काही हाती लागलं नाही. तुमचं पत्र आलं, मग दुसरं आलं. खरं कसं लिहू? की तुमच्या भावाच्या सगळ्या कपड्यांचा मी एक डबा घेतला? ढिगातला एक मऊसा शर्ट उचलला, चार वेळा धुतला आणि पाठवला. खांद्याचं माझ्या लक्षात आलं नाही. सव्वीस वर्षं ते शर्ट मी धुतले, इस्त्री केले, आणि लक्षात आलं नाही. हे मला तुमच्या रागापेक्षा जास्त लागलं.

तुमच्यावर राग नव्हता. त्या दिवशी थांबले नाही, कारण पाऊस वाढत होता आणि चारचौघं म्हणाली आता उशीर नको. मी थांबा म्हणायला हवं होतं. मला बोलताच येत नव्हतं.

डबा तसाच आहे. त्यात काही भरलेलं नाही.

बाजारात अजूनही जाते. सवय झाली आहे.

हेमा


बिबवेवाडी
२३ जानेवारी १९९२

चि. हेमास,

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाचलं आणि जेवले नाही.

आता माझं ऐक. तू एवढं लिहिलंस, तर मलाही लपवून चालायचं नाही. त्या दिवशी तुमच्याकडून फोन आला तो खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे, साडेअकराला. मी सगळ्यांना सांगितलं की त्यांनी निरोप वेळेवर दिला नाही. त्या बिचाऱ्या बाईशी अजून बोलत नाही मी. खरं असं की मी घरातच नव्हते. सकाळीच बुधवार पेठेत गेले होते. तिथल्या एका शिंप्याकडे महिन्याचं कातरण साठतं, ते निवडायला. त्याच्या दुकानात खाली बसून मी पॉपलिनचे तुकडे रंगावार लावत होते. त्याने चहा मागवला, तो घेतला. मग गणपतीचं दर्शन घेतलं. आणि मग पुन्हा दुकानात गेले, कारण एक जांभळा तुकडा घ्यावा की नाही हे ठरत नव्हतं. घरी पोचले ती सहा वाजता, पिशवी भरून. तुमच्याकडे आले तेव्हा अंगण झाडून झालं होतं.

तेव्हा, तू थांबली नाहीस, हे मी म्हणत राहिले. म्हणत राहिलं की दुसरं काही आठवावं लागत नाही. भाऊ अंगणात निजलेला होता आणि बहीण चिंध्या निवडत होती. त्यानंतर मी तुकडा मागितला तुझ्याकडे. निलाजरेपणा दुसऱ्या कुणाचा असता तर मी चांगलं सुनावलं असतं.

डब्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तू दिलंस ते दोरी बघवत नव्हती म्हणून. तुझ्या जागी मी असते तर वाटीसुद्धा मागितली नसती.

मात्र एक. एकटी जात जाऊ नकोस. तुला कापड कळत नाही, मला कळतं. ढिगात हात घातला तरी सुतावरून सांगेन. पायांचं मी बघते. येत्या दोन रविवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आहे, त्यानंतरच्या, म्हणजे नऊ तारखेला, साडेनऊला बाजाराजवळच्या पुलाच्या अलीकडे उभी राहा. मी रिक्षाने येते. मिळेल असं नाही. पण दोघींनी मिळून शोधलं, एवढं तरी होईल.

अक्का म्हण मला. वन्सं नको आता.

विजयमाला


बिबवेवाडी
सोमवार, १० फेब्रुवारी १९९२

चि. हेमा,

काल घरी आल्यापासून मला बसवत नाही. तुला तिथेच सांगणार होते, जीभ चावली.

शर्ट सापडला.

तू मला कपड्यांच्या ढिगांवरून हलू देत नव्हतीस. मी दोनदा म्हटलं, त्या कुलपं-किल्ल्यांच्या रांगेला सावली आहे, जरा टेकू. तू म्हणालीस तिकडे काही नाही, लोखंड आहे, चला पलीकडे. माझ्या गुडघ्यांची काळजी करत होतीस, ते कळलं मला. पण तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी गेलेच. पोत्यावर जुनी कुलपं मांडून एक माणूस बसला होता, पन्नाशीचा असेल, वाळका. चहावाल्याला हाक मारायला उठला आणि पाठमोरा झाला. निळ्या बारीक रेघा. डाव्या खांद्यावर ठिगळ, एक छटा गडद. शंभर बायकांनी शंभर ठिगळं लावली तरी माझा टाका मी ओळखेन.

तेवढ्यात तू तांब्या घेऊन आलीस आणि मला ओढूनच पलीकडे नेलंस.  तुला तिथे सांगितलं असतं तर भर बाजारात तुझं काय झालं असतं.

आता असं ठरवलं आहे. बाजार बुधवारीही भरतो. परवा मी एकटी जाते. त्याच्या मापाचा नवा कोरा शर्ट आज आणून ठेवला, पांढरा, चांगल्या कापडाचा. तो देईन आणि हा घेईन. कुठला माणूस नाही म्हणेल? त्याचंही भलं आणि आपलंही. बुधवारीच मिठाच्या पाण्यातून काढेन, ऊन चांगलं आहे, चारपर्यंत वाळेल.

अर्धे तुकडे तुझे. मधली जागा आपण दोघींनी मिळून शिवायची. सहा महिन्यांत मला आज पहिल्यांदा भूक लागली. पिठलं-भात केला आणि दोनदा वाढून घेतला.

अक्का


हडपसर
शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९९२

ती. अक्का यांना सा. न.

तुमचं सोमवारचं पत्र आज दुपारी मिळालं. बुधवार होऊन गेला. तुमची रीत तुम्ही लिहिली होतीत, त्याच दिवशी धुवायचं, त्याच दिवशी फाडायचं. तेव्हा हे पत्र तुम्हाला थांबवायला नाही. तुमचं काही चुकलं असंही नाही. चूक माझी, मी सगळं सांगितलं नव्हतं.

मला तो शर्ट तिसऱ्याच रविवारी सापडला होता.

मी ढीग उपसत होते, पाठ भरून आली म्हणून उभी राहिले, आणि समोर हे चालले होते. पाठमोरे. किती वेळ गेला कोण जाणे, मग ते वळले आणि तो दुसराच माणूस होता. मी खाली बसले. एका बाईने पाणी दिलं.

त्यानंतर मी शर्ट शोधायला जात नव्हते, अक्का. बघायला जात होते. कपड्यांच्या ढिगापाशी उभी राहिले की तो पाठमोरा दिसतो. तो वाकला की पाठीवर कापड ताणतं, उठला की मागे चुणी पडते, ती हातानं खाली ओढतो. आत माणूस असल्याशिवाय शर्ट तसा दिसत नाही. तो दोरीवर होता तेव्हा मला बघवत नव्हता, कारण तो नुसता हलायचा. इथे तो चहा प्यायचा, उन्हात बसायचा, घामेजायचा. मी तासभर उभी राहायची आणि घरी येऊन स्वयंपाक करायची.

एकदा त्याने मला हटकलं. बजरंग नाव त्याचं. म्हणाला, “मावशी, दर ऐतवारी येता, काय किल्ली हरवलीया का?” मी हो म्हटलं. मग तो दर खेपेला दोन-चार किल्ल्या बाजूला काढून ठेवायचा, “ह्या बघा लागतात का.” मी घेऊन यायची. लागणार कुठल्या.

त्याच्याकडे शर्ट मागायचं मनात आलं नाही असं नाही. मागितला असता तर त्याने दिला असता, चांगला माणूस आहे. पण अंगातून काढला की त्याची चिंधी होणार. तुम्हाला तरी कसं सांगणार होते? तुम्ही तुकडाच मागत होतात. तुमचाही भाऊ होता. तुमचा हक्क मोठा की माझा, हे मला ठरवता येईना, म्हणून गप्प राहिले आणि तुम्हाला ढिगांपाशी धरून ठेवलं.

उद्याचा एक दिवस मध्ये आहे. रविवारी जायचं की नाही ते बघते.

माझ्या वाट्याचे तुकडे पाठवू नका.

हेमा


बिबवेवाडी
५ मार्च १९९२

हेमा,

तुझं पत्र सतरा तारखेला आलं. त्या आधी पाच दिवस शर्ट फाडून झाला होता.

बुधवारी बजरंगने तो किती आनंदाने काढून दिला म्हणून सांगू. भर बाजारात अंगातला उतरवला, नवा घातला, बटणं लावता लावता हसत होता. मला म्हणाला, “आक्का, जुन्याचं नवं करून दिलंसा.” मी रिक्षात तो शर्ट छातीशी धरून बसले होते. ऊबदार होता. ती ऊब त्या माणसाची आहे हे मला ठाऊक होतं, तरी धरून बसले. घरी येऊन मिठाच्या पाण्यात बुडवला. चारला वाळला. साडेचारला फाडायला घेतला आणि दिवेलागणीच्या आत संपवला, कारण रीत. कापड इतकं विरलं होतं की फाटताना आवाजसुद्धा झाला नाही. तीन-तीन इंचांचे एकशे बेचाळीस चौकोन झाले. ठिगळाचा तेवढा अख्खा ठेवला.

मला वाटलं मी तो परत आणला. आणला तो तुझ्याकडून, हे मला माहीत नव्हतं. तुला तो जिवंत दिसत होता आणि मी त्याचे चौकोन केले. झोका मी दिला, निरोप आला तेव्हा घरी मी नव्हते, आणि आता हेही मीच केलं. मला फार वाईट वाटतं आहे, हेमा. याहून निराळं कसं लिहायचं ते मला येत नाही.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तशीच बसून होते. मग गोधडी बाजूला सारली आणि ते चौकोन पुन्हा जोडायला घेतले. गोधडीसाठी नाही. शर्ट करायला. म्हटलं पुढचा भाग, पाठ, बाह्या, सगळं होतं तसं लावायचं आणि बजरंगच्या पाया पडायचं, की बाबा, रविवारचा एक तास हा घाल. पंधरा दिवस दुसरं काही केलं नाही. रेघ रेघेला जुळवली, कुठला तुकडा कुठला ते मला कळत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरला सांगू नकोस.

काल पुरा झाला. शिवण शिकवत आयुष्य गेलं आणि एवढी गोष्ट हात चालू असताना माझ्या ध्यानात आली नाही. विरलेलं कापड काठाला धरत नाही, म्हणून प्रत्येक चौकोनाचा अर्धा अर्धा इंच चारी बाजूंनी आत दुमडावा लागला. तीन इंचातला एक इंच शिवणीत गेला. प्रत्येक तुकड्याचा. पलंगावर पसरून पाहिला तेव्हा शर्ट शर्टासारखा आहे, कॉलर आहे, बाह्या आहेत, पण बजरंगला होणार नाही, कुठल्याच मोठ्या माणसाला होणार नाही. टेप लावून पाहिली. छाती सत्तावीस. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं माप आहे.

मी त्याच्याकडे बघत बसले आहे सकाळपासून. या मापाचा यज्ञा मला आठवतो, तू त्याला पाहिलेलं नाहीस. तुझा होता तेवढा मोठा तो मला करता आला नाही.

पंधरा तारखेच्या रविवारी बाजारात जाऊ नकोस. मी शर्ट घेऊन तुझ्याकडे येते, दोन बस बदलून येते. तुला तो नजरेसमोर नको असेल तर दारातून परत जाईन. पण ते मला पत्राने कळवू नकोस, दार उघडून सांग.

अक्का